लिफाफा, छप्पर, षटकोन: माझा मुतखडा आणि इतरांचे

युरीन रिपोर्टच्या शेवटी ‘क्रिस्टल्स’, म्हणजे लघवीतले स्फटिक, अशी एक ओळ असते. बहुतेक रिपोर्टवर तिथे ‘अ‍ॅबसेंट’ छापलेलं असतं, आणि खरं सांगायचं तर बऱ्याच लॅबमध्ये ते आधीपासूनच टाइप करून ठेवलेलं असतं. काही दिसलं तरच बदलायचं. मी डीएमएलटी (लॅब तपासण्यांचा डिप्लोमा) करून जळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी छोट्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. आमच्याकडे एप्रिल-मे आला की कमरेतली कळ घेऊन येणाऱ्यांची रांग लागते. पारा पंचेचाळिशीला टेकतो, अंगातलं पाणी घामावाटे जातं, लघवी कमी आणि गडद होते आणि तिच्यात विरघळलेले क्षार खाली बसायला लागतात. त्यामुळे ती ओळ मी पहिल्यापासून नीट बघत आले आहे. पण स्वतःला मुतखडा झाला तेव्हापासून त्या ओळीत काय लिहावं आणि त्याचा अर्थ किती लावावा, याबद्दल माझी मतं जरा पक्की झाली.

कळेचं वर्णन करत बसत नाही. ज्यांना आली त्यांना सांगायला नको आणि ज्यांना नाही आली त्यांना सांगून कळत नाही. बाळंतपण झालेल्या सगळ्या बायका जी तुलना करतात ती मीही केली आणि मुतखड्याला झुकतं माप दिलं. सोनोग्राफीत डाव्या मूत्रवाहिनीच्या अगदी खालच्या टोकाला ५ एमएमचा खडा निघाला. “एवढा बहुतेक आपणहून पडतो,” युरॉलॉजिस्ट म्हणाले. दुखण्याची गोळी, नळी सैल करणारी टॅमसुलोसिन, भरपूर पाणी आणि लघवी गाळून बघायची, एवढं सांगून त्यांनी घरी पाठवलं. मी दुसऱ्या दिवशी कामावर गेले ती स्वतःचाच नमुना घेऊन.

लघवी ताजी, कोमट असतानाच घेतली. १० मिली निमुळत्या नळीत, सेंट्रिफ्यूजवर १५०० आरपीएमला ५ मिनिटं. वरचं पाणी एका झटक्यात ओतून द्यायचं, तळाला अर्धा मिली उरतो तो टिचकी मारून हलवायचा, त्यातला एक थेंब स्लाइडवर, वर कव्हरस्लिप. इथपर्यंत सगळेच करतात. घाई नडते ती पुढे. बहुतेक स्फटिक रंगहीन असतात, भर उजेडात ते दिसतच नाहीत. मायक्रोस्कोपचा कंडेन्सर (प्रकाश एकवटणारं भिंग) खाली घ्यायचा, आयरिस (प्रकाशाची झडप) आवळायची. फील्ड, म्हणजे भिंगातून दिसणारं वर्तुळ, करडं झालं की कडा उठून येतात. आधी लो पॉवरवर सगळी स्लाइड फिरायची, विशेषतः कव्हरस्लिपच्या कडेने, कारण जड माल तिकडे सरकतो. मग हाय पॉवर.

माझ्या फील्डमध्ये आरबीसींचा, म्हणजे लाल रक्तपेशींचा, सडा पडला होता. खडा नळीला ओरबाडत खाली सरकत असतो, त्यामुळे त्यात नवल नव्हतं. पण इथेच एक चकवा आहे. कॅल्शियम ऑक्झलेट या क्षाराचे दोन प्रकार असतात, एका रेणूमागे पाण्याचा एक रेणू बाळगणारा मोनोहायड्रेट आणि दोन बाळगणारा डायहायड्रेट. मोनोहायड्रेटचे लहान स्फटिक लंबगोल, मध्ये खोलगट असतात आणि ते हुबेहूब आरबीसीसारखे दिसतात. कधी त्यांना डंबेलसारखी कंबर असते. तशी असली तर प्रश्न नाही, नसली की नवखा माणूस बेधडक ‘आरबीसी प्लेन्टी’ लिहून मोकळा होतो. सोपी युक्ती म्हणजे दुसऱ्या स्लाइडवर पातळ अ‍ॅसेटिक अ‍ॅसिडचा थेंब घालायचा. आरबीसी फुटून जातात, ऑक्झलेट जागचा हलत नाही. आमच्या मॅडमनी, म्हणजे पॅथॉलॉजिस्टनी, आणखी एक सोय करून ठेवली आहे. पोलरायझिंग फिल्मचे दोन तुकडे आहेत. एक दिव्यावर ठेवायचा, दुसरा वर आयपीसवर धरायचा आणि फील्ड काळंभोर होईपर्यंत फिरवायचा. आरबीसी त्या काळोखात नाहीसे होतात. मोनोहायड्रेट लखलखतो. महागड्या मायक्रोस्कोपची ऐट नाही, पण काम चोख होतं.

मला दिसले ते मात्र मुख्यतः डायहायड्रेट. यांनाच पाठ्यपुस्तकात लिफाफा म्हणतात. छोटासा चौकोन आणि आत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत जाणाऱ्या, मधोमध छेदणाऱ्या दोन लख्ख रेषा. प्रत्यक्षात तो चौकोन नसतोच. तळाला तळ लावून जोडलेले दोन पिरॅमिड असतात आणि आपण वरून टोकाकडे बघत असतो. सुईच्या टोकाने कव्हरस्लिप हलकेच दाबली की स्फटिक कुशीवर वळतो आणि लिफाफ्याचा शंकरपाळा होतो. मी बराच वेळ तेच करत बसले होते. आपल्याच पोटातून आलेला इतका रेखीव भूमितीचा नमुना बघून दुखणं थोडं विसरायला होतं. याच खनिजाचे स्फटिक अंटार्क्टिकाजवळच्या वेडेल समुद्राच्या तळच्या गाळातही सापडले आहेत. तिथली थंडी आणि आमचा मे महिना, पण कोन तेच.

आता एवढे लिफाफे दिसले म्हणजे माझा खडाही त्याचाच, असं समजायचं का? पेशंट तसंच समजतात. गूगल करून येतात आणि ‘ताई, ऑक्झलेट प्लस प्लस आलंय, म्हणजे माझा खडा ऑक्झलेटचा ना?’ असं विचारतात. तर नाही. लिफाफा हा सगळ्यात जास्त दिसणारा आकार आहे आणि सगळ्यात कमी बोलणारा. पालकाची भाजी, मूठभर बदाम, कडक चहा यांच्यानंतर धडधाकट माणसाच्या लघवीतही तो सापडतो. खडा नसलेल्यांत सापडतो आणि खडा असलेल्यांत कित्येकदा सापडत नाही. शिवाय नमुना किती शिळा आहे यावर सगळा खेळ असतो.

हे शेवटचं मी स्वतःच्या नमुन्यावरच पडताळून पाहिलं. त्याच लघवीचा उरलेला भाग दोन नळ्यांत केला, एक टेबलावर ठेवली, एक फ्रीजमध्ये. संध्याकाळी फ्रीजमधल्या नळीच्या तळाला विटेच्या चुऱ्यासारखा गुलाबीसर थर बसला होता. सकाळी त्याचा मागमूस नव्हता. हे अमॉर्फस युरेट्स, म्हणजे ठरावीक आकार नसलेले युरेट क्षार, थंडीने खाली बसलेले. नळी ६० अंशांच्या पाण्यात धरली तर थर विरघळून गेला. टेबलावरच्या नळीत लिफाफे सकाळपेक्षा कितीतरी जास्त आणि मोठे झाले होते. माणूस तोच, लघवी तीच. सकाळचा रिपोर्ट लिहिला असता तर ‘फ्यू’, संध्याकाळचा लिहिला असता तर ‘मेनी’. आजूबाजूच्या खेड्यांतले कलेक्शन सेंटरचे नमुने मोटरसायकलच्या डिकीतून किंवा बर्फाच्या डब्यातून येतात, पोचेपर्यंत दुपार होते. त्या नमुन्यांवर स्फटिकांची ओळ लिहिताना माझा हात आता अडखळतो आणि अडखळायलाच हवा. दोन तासांच्या आत न पाहिलेल्या लघवीतले साधे स्फटिक हे पेशंटचे की बाटलीचे, कोण सांगणार?

म्हणून खड्याची जात ठरवायची तर खडाच हातात हवा. लघवीतला स्फटिक सांगतो ते आज, या घटकेला काय खाली बसतंय एवढंच. खडा काही महिने, कधी काही वर्षं थरावर थर चढवत वाढलेला असतो.

माझा पडला. गाळण्यासाठी घरात जुनी चहाची गाळणी होती. ती पुन्हा स्वयंपाकघरात येणार नाही, हे सासूबाईंना दोनदा सांगावं लागलं. ज्वारीच्या दाण्यापेक्षा थोडा मोठा. पाण्याने धुतला, फिल्टर पेपरवर वाळवला. हे मुद्दाम लिहिते, कारण लोक खडा काय काय करून आणतात! कोणी सेलोटेपला चिकटवून, कोणी हळदीकुंकवाच्या पुडीसारखा कागदात, कोणी स्पिरिटमध्ये. एका हॉस्पिटलमधून ऑपरेशनचा खडा फॉर्मॅलिनमध्ये बुडवून आला होता. खडा नुसता धुऊन, कोरडा, स्वच्छ डबीत आणावा. चिकटपट्टीचा गोंदसुद्धा पुढच्या तपासणीत लुडबुड करतो.

कोरडा खडा काळ्या कागदावर ठेवून, बाजूने टॉर्च धरून आधी भिंगातून, मग लो पॉवरखाली पाहिला. वरून प्रकाश टाकला की साध्या मायक्रोस्कोपखालीही पृष्ठभाग चांगला दिसतो. एक बाजू गडद तपकिरी, गुळगुळीत, किंचित उंचवट्यांची. तिच्यात एका ठिकाणी खळगी होती आणि खळगीच्या तळाशी पांढुरका, खडूसारखा ठिपका. दुसऱ्या बाजूला फिकट पिवळे, धारदार टोकांचे स्फटिक एकमेकांत घुसलेले. नळीला ओरबाडत होते ते हेच. मग सर्जिकल ब्लेडने मधोमध तोडला. वाटलं होतं भुगा होईल, पण तो चांगला टणक निघाला आणि दोन तुकडे झाले. आतून तपकिरी, केंद्राकडून बाहेर जाणाऱ्या बारीक रेषा आणि त्यांना छेदणारी एकात एक वर्तुळं.

तपकिरी आणि गुळगुळीत म्हणजे मोनोहायड्रेट. पिवळी धारदार टोकं म्हणजे डायहायड्रेट. खडे असे नुसत्या डोळ्यांनी आणि भिंगाने, बाहेरून व कापून आतून वाचण्याची एक रीतसर पद्धत आहे. फ्रान्समधल्या मिशेल दोदाँ यांनी ती बसवली आणि तिच्यात रंग, पोत आणि थर यांवरून खड्यांचे प्रकार व उपप्रकार पाडले आहेत. मोनोहायड्रेट जास्त असेल तर लघवीतल्या ऑक्झलेटकडे बघा, डायहायड्रेट जास्त असेल तर कॅल्शियमकडे, असा तिचा साधारण रोख आहे. आपल्याकडे हे कोणी फारसं करत नाही. रिपोर्टवर फक्त रसायनाचं नाव येतं.

मॅडमना तुकडे दाखवले तेव्हा त्यांनी सुश्रुताची आठवण काढली. त्यांचे वडील वैद्य होते. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात अश्मरीचे प्रकार दिसण्यावरूनच सांगितले आहेत. कफाची पांढरी, गुळगुळीत, मोठी, कोंबडीच्या अंड्यासारखी. पित्ताची तांबूस-पिवळी किंवा काळी, बिब्ब्याच्या बीसारखी. वाताची काळसर, खरखरीत, कदंबाच्या फुलासारखी काट्यांनी भरलेली. याचा आजच्या रसायनाशी ताळा लावण्याचा मोह मला होत नाही, तो ओढूनताणूनच लागेल. पण ज्या कोणी हे लिहिलं त्याने खडे हातात घेऊन, उजेडात फिरवून बघितले होते, एवढं नक्की.

अर्धा तुकडा कुरियरने मोठ्या शहरातल्या लॅबला पाठवला. त्याआधी जवळच्याच एका लॅबमध्ये ‘स्टोन अ‍ॅनॅलिसिस’ स्वस्तात होतं म्हणून चौकशी केली, तर तिथे अजून जुनी रासायनिक किट पद्धत. खड्याची पूड करायची, वेगवेगळ्या द्रावणांत टाकायची, रंग बघायचा. अशा रिपोर्टवर ‘कॅल्शियम पॉझिटिव्ह, ऑक्झलेट पॉझिटिव्ह, फॉस्फेट पॉझिटिव्ह’ असं येतं. त्यातून मोनो की डाय हे कळत नाही, कोणाचा हिस्सा किती तेही कळत नाही, आणि पूड जास्त लागते ती वेगळीच. माझ्या मते हे पैसे वाया घालवणं आहे, मग स्वस्त असो की महाग. मागायची ती एफटीआयआर, म्हणजे इन्फ्रारेड पद्धत. चिमूटभर पुडीवर इन्फ्रारेड किरण सोडतात. प्रत्येक रसायनाचे बंध ठरावीक लांबीचे किरण शोषतात, त्यातून चढउतारांची रेघ निघते आणि ती माहीत असलेल्या नमुन्यांच्या रेघांशी ताडून पाहतात. मिश्र खडा असला तर कोण किती टक्के, याचा अंदाजही देतात. फक्त पाठवताना फॉर्मवर ‘गाभा आणि बाहेरचा थर वेगळा तपासावा’ असं लिहून द्यावं. नाहीतर सगळा खडा एकत्र कुटला जातो आणि गाभ्यात काय होतं ते कायमचं जातं.

रिपोर्ट आला. मोनोहायड्रेट बहुतांश, बाहेरच्या थरात डायहायड्रेट, आणि त्या पांढुरक्या ठिपक्याच्या जागी कार्बापेटाइट, म्हणजे कॅल्शियम फॉस्फेटचा एक प्रकार. माझ्या लघवीत फॉस्फेटचा एकही स्फटिक नव्हता आणि मोनोहायड्रेटचे लंबगोल शोधून शोधून दोन-चार मिळाले होते. म्हणजे त्या सुंदर लिफाफ्यांनी मला खड्याचा फक्त वरचा पापुद्रा दाखवला होता.

तो ठिपका कुठून आला, हे युरॉलॉजिस्टनी समजावलं. मूत्रपिंडाच्या आत लघवी गोळा करणारे पेल्यासारखे कप असतात. लघवी जिथून या कपांत उतरते त्या टोकांवर, आवरणाच्या आतल्या बाजूला, फॉस्फेटचा पांढरा डाग धरतो. अमेरिकन युरॉलॉजिस्ट अलेक्झांडर रँडॉल यांनी १९३७ मध्ये ते दाखवलं, म्हणून त्याला रँडॉल्स प्लाक म्हणतात. वरचं आवरण झिजलं की डाग उघडा पडतो आणि लघवीतलं ऑक्झलेट त्याच्यावर बसत जातं. खडा तिथेच लटकून वाढतो आणि एक दिवस सुटतो. माझ्या खड्यावरची खळगी ही त्याच्या देठाची जागा होती.

पुढची पायरी चोवीस तासांच्या लघवीची. सकाळची पहिली लघवी टाकून द्यायची, तिथून दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या लघवीपर्यंतची सगळी कॅनमध्ये. रविवारी केलं, कारण इतर दिवशी पाच लिटरचा कॅन घेऊन बसमधून जाण्याची माझी तयारी नव्हती. कॅल्शियम ठीक, ऑक्झलेट मर्यादेच्या जरा वर, खडा धरू न देणारं सायट्रेट कमी. पण सगळ्यात ठळक आकडा पहिलाच होता. एकूण लघवी लिटरभराच्या थोडी पुढे. खडा झालेल्या माणसाला दिवसाला किमान अडीच लिटर लघवी व्हावी एवढं पाणी प्यायला सांगतात. अडीच लिटर पाणी नव्हे, अडीच लिटर लघवी. खान्देशच्या उन्हाळ्यात त्यासाठी किती प्यावं लागेल, हिशेब करा. आणि हा रविवारचा आकडा, घरचा. कामाच्या दिवशी तर मी जाणूनबुजून कमी पाणी प्यायचे. दिवसभर शंभर जणांच्या हातात ‘मागे जाऊन भरून आणा’ म्हणून डबी देणाऱ्या बाईला स्वतःला जायला धड संडास नाही. आहे तो एकच, पेशंटचा. त्याची कडी नीट लागत नाही आणि बाहेर कायम कोणीतरी उभं. बसस्टँडवरच्या, बँकेतल्या, शाळेतल्या कितीतरी बायका हेच करतात. डॉक्टर पालक बंद करायला सांगतात, पण कडीबद्दल कोणी विचारत नाही.

कडी मी बदलून घेतली. हे सगळ्यात परिणामकारक औषध ठरलं.

खाण्याबद्दल सांगायचं तर गावभर टोमॅटोला नाहक बदनाम केलंय. टोमॅटोत ऑक्झलेट फारसं नसतं, बिया काढून खायची काही गरज नाही. पालक, बदाम, बीट यांच्यात भरपूर असतं, ते बेताने. दूध-दही बंद करणं तर उलट अंगाशी येतं. जेवणातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला पकडून ठेवतं. ते नसलं की ऑक्झलेट मोकाट रक्तात आणि तिथून लघवीत जातं. मीठ कमी. लिंबूपाणी चांगलं, त्यातलं सायट्रेट कामाला येतं. सासूबाई हुलग्याचं कढण देत होत्या, ते मी निमूट प्यायले. औषध म्हणून काय ते देव जाणे, पण प्रत्येक वेळी तांब्याभर पाणी पोटात गेलं. बिअरचा सल्ला देणारे नातेवाईकही भेटले, नेहमीप्रमाणे त्यांना स्वतःला हवी होती.

माझ्या बाबतीत आकाराने थोडंच सांगितलं, पण काही बाबतीत आकार जास्त बोलतो. युरिक अ‍ॅसिडचं घ्या. आमच्याकडे एक निवृत्त आप्पा यायचे. मधुमेह, वजन भरपूर, सोनोग्राफीत खडा स्पष्ट आणि साध्या एक्स-रेत काहीच नाही. घरच्यांना वाटलं, मशिनवाल्यांपैकी कोणीतरी फसवतंय. ताज्या लघवीचा पीएच, म्हणजे आम्लता सांगणारा आकडा (सातच्या खाली आम्ल, वर अल्कली), ५. फील्डमध्ये पिवळसर-तपकिरी शंकरपाळे, काही पिंपासारखे फुगीर, काही एकावर एक बसून गुलाबाच्या पाकळ्यांसारखे उलगडलेले. पोलरायझर लावला तर निळे, पिवळे, गुलाबी रंग. युरिक अ‍ॅसिडचा खडा साध्या एक्स-रेत दिसत नाही आणि आम्लधर्मी लघवीतच होतो, त्यामुळे आकार, पीएच आणि कोरा एक्स-रे या तिन्ही गोष्टी एकच बोट दाखवत होत्या. नेहमीच्या खड्यांत औषधाने विरघळू शकणारा हा एकच. डॉक्टरांनी पोटॅशियम सायट्रेट देऊन पीएच साडेसहाच्या आसपास आणला. आप्पा दर आठवड्याला स्ट्रिप बघायला यायचे आणि सातच्या वर गेला की मीच त्यांना डॉक्टरांकडे पिटाळायचे, कारण फार अल्कली झालं तर फॉस्फेट बसायला लागतं. काही महिन्यांनी सोनोग्राफीत खडा नव्हता. दुर्बीण नाही, लेझर नाही.

याच्या उलट टोकाला ट्रिपल फॉस्फेट, म्हणजे स्ट्रुव्हाइट. इंग्रजी पुस्तकं याला शवपेटीचं झाकण म्हणतात. आमच्या वर्गात ते कोणी पाहिलेलं नव्हतं, म्हणून सरांनी फळ्यावर कौलारू घराचं छप्पर काढलं, दोन्ही बाजूंनी उतरतं. एकदा डोक्यात बसलं की चुकत नाही. प्रोटियससारखे जंतू युरिया फोडून अमोनिया करतात, लघवी अल्कली होते आणि मॅग्नेशियम, अमोनियम व फॉस्फेट मिळून हे खाली बसतं. असा खडा भराभर वाढून मूत्रपिंडाच्या सगळ्या कपांत शिंगासारखा पसरतो. १८४५ मध्ये हॅम्बुर्गला चर्चच्या पायासाठी खणताना जुन्या उकिरड्याच्या थरात याचे स्फटिक सापडले होते. उकिरडा काय आणि तुंबलेलं मूत्राशय काय, अमोनियाला दोन्ही सारखेच. पण हीच अडचण आहे. डबीत दुपारपर्यंत उन्हात राहिलेल्या लघवीतही जंतू वाढतात आणि छपरं उगवतात. म्हणून छप्पर दिसलं की मी आधी वेळ विचारते, मग पस सेल्स (पूच्या पेशी) बघते आणि ताजा नमुना मागते. ताज्यातही दिसली, पस सेल्सही असले, तर मॅडम कल्चर, म्हणजे जंतू वाढवून ओळखण्याची तपासणी, सुचवतात.

आणि मग षटकोन.

दहावीतला एक मुलगा आईबरोबर आला होता. दोन्ही मूत्रपिंडांत खडे, एकदा लेझर होऊनही परत झालेले. आधीचे खडे तपासलेच नव्हते, ‘काढले, फेकले’ असं आई म्हणाली. सकाळची पहिली लघवी, ताजी. लो पॉवरवर काही विशेष नाही. कव्हरस्लिपच्या कडेला आले आणि थांबले. पातळ, पारदर्शक, सहा बाजूंची चकती. तिच्या बाजूला आणखी दोन, एक दुसरीवर अर्धी चढलेली. कडा इतक्या सरळ की पट्टीने आखाव्यात. सिस्टीन, म्हणजे प्रथिनांतलं एक अमिनो आम्ल, स्फटिकरूपात मी तोपर्यंत फक्त चित्रात पाहिलं होतं.

उत्साहाच्या भरात लगेच लिहून टाकायचं नसतं, कारण युरिक अ‍ॅसिडही कधीकधी षटकोनी रूप घेतं. त्याची परीक्षा सोपी आहे. कव्हरस्लिपच्या कडेला पातळ हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडचा थेंब सोडायचा. सिस्टीन विरघळतं, युरिक अ‍ॅसिड विरघळत नाही. मी आयपीसला डोळा लावून बसले. अ‍ॅसिड एका बाजूने आत सरकताना दिसतं, पाण्यातून झुळूक गेल्यासारखं. ते पोचलं तसे षटकोनाचे कोपरे आधी बोथट झाले, मग चकती गोल झाली, लहान झाली, आणि गेली. मॅडमना हाक मारली तेव्हा दुसऱ्या स्लाइडवर एक शिल्लक होती, ती त्यांना दाखवली. पक्क्या खात्रीची नायट्रोप्रुसाइडची चाचणी आम्ही करत नाही, तिच्यात सायनाइड लागतं. ती बाहेरून करून आणली. जांभळा रंग आला.

लिफाफे शंभर दिसले तरी ठामपणे काही म्हणता येत नाही. सिस्टीनचा खात्रीचा षटकोन एकच पुरतो. निरोगी माणसाच्या लघवीत तो नसतो. लंडनच्या विल्यम हाइड वोलस्टन यांनी १८१० मध्ये मूत्राशयातल्या एका खड्यातून हा पदार्थ पहिल्यांदा ओळखला. हा आजार जन्मजात आहे. मूत्रपिंडाने सिस्टीन परत रक्तात ओढून घ्यायचं असतं, ते होत नाही. सहसा दोन्ही पालकांकडून सदोष जनुक आलं तरच खडे होतात. आईला मॅडमनी विचारलं, नात्यातलं लग्न का? “मामाच्याच घरी दिलं ना मला,” ती म्हणाली. मुलाला काही खाऊ नको म्हणून इतकी वर्षं टोमॅटो आणि वांगी बंद होती. त्याचा इथे काहीही संबंध नव्हता. त्याला हवं होतं ते रात्रंदिवस पाणी, झोपेतून उठूनसुद्धा, आणि लघवी अल्कली ठेवणारं औषध. त्यासाठी त्याला नेफ्रॉलॉजिस्टकडे पाठवलं.

मॅडमनी रिपोर्टवर खाली शेरा टाकला, ‘भावंडांची तपासणी करावी’. मोठ्या भावाची लघवी स्वच्छ निघाली. धाकटी बहीण आठ वर्षांची, तिला कधी काही दुखलेलं नाही. तिच्या पहिल्या नमुन्यात काही सापडलं नाही, पण तो घरून निघून दुपारी पोचला होता. मी दुसरा मागितला, सकाळचा पहिला, लॅबमध्येच येऊन दिलेला. त्यात षटकोन होते. सोनोग्राफी केली, खडा अजून एकही नाही. तिचंही पाणी आणि औषध सुरू झालंय. शाळेत बाटली कायम जवळ ठेवू द्यावी आणि वर्गातून मधेच उठायला परवानगी द्यावी, असं पत्र मॅडमनी मुख्याध्यापकांना लिहून दिलं. मी आईला एवढंच विचारून घेतलं की शाळेतल्या मुलींच्या संडासाची कडी लागते का.